खाली कोणी उतरायचं

मेहकरहून जानेफळकडे जाणाऱ्या सडकेवर त्या काळी डांबर होतं, पण ते एका गाडीपुरतं. मधोमध काळी पट्टी आणि दोन्ही अंगांना मुरूम, तोही पावसानं धुऊन वीतभर खाली खचलेला. समोरून कोणी आलं की दोघांतल्या एकाला पट्टी सोडून मुरमावर उतरावंच लागे. कोणी उतरायचं हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. एस.टी. आली की फटफटीनं उतरायचं, फटफटी आली की सायकलनं, आणि सायकल आली की पायी चालणाऱ्यानं. दोन एस.टी. समोरासमोर आल्या तर दोघींनी एकेक अंग खाली घ्यायचं. बैलगाडी मात्र कुणासाठीच उतरत नसे, कारण गाडीवान बहुधा झोपलेला असे आणि बैलांना समजावत बसायला कुणाजवळ वेळ नव्हता.

भाऊराव ड्रायव्हर या सडकेवर रोज सकाळची पहिली गाडी न्यायचा आणि रोज सकाळी त्याच्या डोक्याला ताप व्हायचा. शाळेची पोरं एका सायकलवर तिघं बसून यायची आणि गाडी दिसली की डावीकडे जावं की उजवीकडे, यावर तिघांची तीन मतं व्हायची. बाया डोक्यावर टोपली घेऊन पट्टीच्या मधून चालायच्या, हॉर्न वाजला की पळत पलीकडे जायच्या आणि मागं राहिलेलीला हाक मारायला पुन्हा अलीकडे यायच्या. गड्यांना तर वाटेत कोणी ओळखीचं भेटलं की सायकल आडवी लावून सोयरिकीच्या गोष्टी बोलायला डांबरच लागायचं. इतकी वावरं दोन्ही बाजूंना पसरली होती, तिथं उभं राहिलं असतं तर जीभ झडली असती का, असं भाऊराव दात-ओठ खात म्हणायचा. कंडक्टर उत्तमराव मागून त्याला शांत राहायला सांगायचा. तिकिटं फाडणाऱ्याला शांत राहता येतं, समोरची काच त्याच्यापुढं नसते.

पण हे सगळं परवडलं. हे लोक वाकडेतिकडे का होईना, शेवटी उतरत होते. न उतरणारा माणूस त्या सडकेवर एकच होता आणि तो भाऊरावचा सख्खा बाप होता.

दयाराम साठीच्या पुढचा, काटक, धोतर नेसणारा आणि हट्टाला पेटला तर कुणाचंच ऐकून न घेणारा. सडकेकडेच्या गावात घर आणि जानेफळच्या शिवारात दोन एकर वावर. रोज सकाळी तो सायकलच्या दांडीला विळा-दोरी बांधून वावरात निघायचा, आणि निघायचा तो बरोब्बर पहिल्या गाडीच्या वेळेला. बाजूनं नाही, डांबराच्या अगदी मधोमध. मागून एस.टी. येवो, ट्रक येवो, तो मान वळवत नसे आणि पायडलचा वेग कमी-जास्त करत नसे. भाऊराव हॉर्न वाजवायचा. मग पुन्हा वाजवायचा. पन्नास माणसांनी भरलेली गाडी त्या एका सायकलच्या मागं पायी चालल्यासारखी चालायची, आणि शेवटी वावराचा फाटा आला की दयाराम आपल्या मर्जीनं वळायचा.

गाडीतल्या लोकांना आधी गंमत वाटली, मग ते कातावले. कुणी म्हणायचं, ड्रायव्हर बापाला भितो. कुणी म्हणायचं, म्हाताऱ्याला बहिरेपण आलं असेल. भाऊरावला ठाऊक होतं की बापाचे कान शाबूत आहेत. घरात बनाबाईनं, म्हणजे भाऊरावच्या आईनं, चुलीजवळ हळूच काही म्हटलं तरी ते ओसरीवर बसून त्याला ऐकू यायचं. त्यानं बापाला नाना परीनं सांगून पाहिलं. ड्रायव्हरच्या बापाला पास मिळतो, गाडीत बसून चला, असंही सांगितलं. दयाराम म्हणाला की त्याला सायकल येते.

भाऊरावला उशिराची लाज वाटायची, पण त्याच्या रागाचं खरं कारण ते नव्हतं. खरं कारण भीती होती. ब्रेक एखाद्या दिवशी लागणार नाही, म्हाताऱ्याचा तोल एखाद्या दिवशी जाईल, आणि आपल्याच गाडीच्या चाकाखाली आपला बाप येईल, हे त्याला रोज सकाळी स्टिअरिंगला हात लावताना दिसायचं. ते कुणाला सांगायची सोय नव्हती. म्हणून तो चिडचिड करायचा.

दिवाळी होऊन कापूस वेचायला आला होता तेव्हाची गोष्ट. महादेवराव पाटलांच्या रंगरावनं नवी फटफटी घेतली होती आणि ती घेतल्यापासून त्याला घरात बसवत नव्हतं. काळा चष्मा लावून तो जानेफळहून मेहकरकडे सुसाट निघाला होता. या बाजूनं दयारामची सायकल, तिच्या मागं भाऊरावची गाडी. मोरीच्या अलीकडं तिघं एकमेकांना दिसले. रंगरावला वाटलं, आधी सायकलवाला उतरेल, मग गाडीसाठी आपण सावकाश उतरू. सायकलवाला कधी उतरला नाही असं त्याच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. त्यानं वेग कमी केलाच नाही. भाऊरावनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही, आणि दुसरीकडं ब्रेकवर जवळजवळ उभा राहिला. दयाराम मधोमध चालतच होता. अगदी तोंडाशी आल्यावर रंगरावनं फटफटी मुरमावर घातली, पुढचं चाक खचलेल्या जागी गेलं आणि तो फटफटीसकट तुरीच्या धुऱ्यावर, बांधावर, जाऊन पडला.

गाडी थांबली तेव्हा तिच्या आणि सायकलच्या मागच्या चाकात हातभर अंतर होतं. भाऊराव दार उघडून खाली उतरला. दयारामनं सायकल स्टँडवर लावली, डांबरावरच लावली, आणि रंगरावला उचलायला सगळ्यांच्या आधी तोच गेला. मनगटाचं हाड मोडलं होतं. दयारामनं आपला शेला सोडून त्याचा हात गळ्यात बांधला आणि त्याला गाडीत चढवून दिलं. मग सायकलवर बसला आणि वावरात निघून गेला, मधोमधच.

संध्याकाळी महादेवराव स्वतः भाऊरावकडे आले. ओरडले नाहीत. पोरगं जोरात होतं हे त्यांनी कबूल केलं, पण सायकलनं फटफटीला वाट द्यायची असते एवढं तरी म्हाताऱ्याला समजवा, उद्या जीव जाईल, असं म्हणून चहा घेऊन गेले. बोलणं रीतसर होतं, खोट काढायला जागा नव्हती. त्यामुळं भाऊराव जास्तच पेटला. ओसरीवर बाप बिडी ओढत बसला होता, त्याच्यापुढं जाऊन तो उभा राहिला आणि इतके दिवस साठलेलं सगळं त्यानं एका दमात ओकलं. सगळी सडक एका माणसापायी वेठीला धरलीय, लोक हसतात, डेपोत साहेब विचारतात, आज पाटलाच्या पोराचा हात मोडला. बनाबाई मधे आली तर तिलाही त्यानं बाजूला सारलं.

"एक दिवस माह्याच गाडीखाली येसान तुम्ही, बाबा," तो म्हणाला. "मंग मी काय करू? खाली उतराले काय होते तुम्हाले?"

दयारामनं बिडी विझवली. भाऊरावला वाटलं, आताही हा माणूस मान वळवणार नाही.

"आमी लहान होतो तवा इथं गाडवाट होती," तो म्हणाला. "पाटलाची दमणी आली की गाडीवान दुरूनच आवाज दे. आपल्या लोकाईनं वाट सोडून काट्यात उभं राहाचं, दमणी जाईलोक. सावली पडली नाई पाह्यजे. माही माय डोक्शावर भारा घेऊन उभी राहे, पायातून रगत निंघे. मंग सडक आली. तिची गिट्टी म्या फोडली, डांबर म्या वतलं. तवाच ठरवलं का ह्या सडकेवरून मी खाली उतरत नाई. कोणाच्याच आवाजानं नाई. तुह्याही नाई."

भाऊरावनं हे आधी कधी ऐकलं नव्हतं. बापानं त्याला ड्रायव्हिंग शिकायला बुलढाण्याला पाठवलं, बाबासाहेबांच्या जयंतीला खांद्यावर घेऊन नेलं, पण ही गोष्ट कधी सांगितली नाही. त्याला बापाची कीव आली आणि तेवढाच रागही आला. ती पाटलाची बैलांची दमणी गेली, ते दिवस गेले, आता मागून येते ती सरकारी गाडी आणि तिच्यात सगळ्या जातीची माणसं तिकीट काढून बसलेली, तिचा ब्रेक लागला नाही तर ती बापाची कहाणी ऐकायला थांबणार आहे का, असं त्याला म्हणायचं होतं. पण आईच्या डोळ्यांकडे पाहून तो बाहेर निघून गेला. जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या पुढं वळणावर तीच सायकल होती. तीच पाठ, तोच विळा, तोच डांबराचा मध. उत्तमरावनं मागून म्हटलं, वाजव. भाऊरावचा हात हॉर्नवर गेला आणि तिथंच थांबला. रोज वाजवत होता, काल रात्रीपर्यंत त्याला तो नुसता हॉर्न वाटत होता. आता तो दाबायला हात तयार होईना, आणि न दाबावा तर पुन्हा फाट्यापर्यंत रांगत जायचं आणि पुन्हा ब्रेकवर जीव टांगायचा. त्याचं डोकं फिरलं. बापावर, पाटलावर, ज्यांनी सडक एवढी अरुंद केली त्यांच्यावर, सगळ्यांवर एकदमच फिरलं. समोर सडक रिकामी आहे हे त्यानं पाहून घेतलं, गिअर खाली घेतला आणि गाडीचं उजवं अंग मुरमावर उतरवलं.

गाडी कलली. बायांनी पोरं पोटाशी धरली, कुणाची गाठोडी घसरली, उत्तमराव दांडीला लोंबकळत, सायकलीपायी गाडी उतरवतोस का, म्हणून ओरडू लागला. बोटाच्या पेरावर धरल्यासारखी गाडी सांभाळत भाऊराव पुढं सरकला. दयारामची सायकल डावीकडं खिडक्यांखालून मागं जाताना त्याला दिसली. मग दोन्ही चाकं पुन्हा डांबरावर आली आणि त्यानं आरशात पाहिलं. बाप सायकलवरून उतरून उभा होता.

पत्रा लागला की काय म्हणून भाऊरावनं गाडी थांबवली आणि पळत मागं गेला. दयारामला काही लागलेलं नव्हतं. सायकल धरून तो डांबरावर उभा होता आणि मुरमावर उमटलेल्या टायरच्या रुंद खुणेकडे बघत होता.

"गाडी काऊन उतरवली?" त्यानं विचारलं. "अंदर लोकं हायेत. कलंडली असती म्हंजे?"

"तुम्ही उतरत नाई. मंग मले उतरा लागते," भाऊराव म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

दयारामनं पुन्हा त्या खुणेकडे पाहिलं. घंटीवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली, गरज नसताना.

"माह्यासाठी आजलोक कोणी खाली उतरलं नाई रे भाऊ," तो म्हणाला. "साठ वर्सं होऊन गेले. आज पयल्यांदा उतरलं."

लांबून उत्तमराव घंटी वाजवत होता. दयारामनं सायकल डांबराच्या डाव्या काठाला आणली, चाक काठावर टेकवून पाहिलं आणि सांगितलं की उद्यापासून तो इथून चालेल. खाली उतरणार नाही, पण इथून चालेल. मग लोक खोळंबलेत म्हणून त्यानं लेकाला हातानंच जायला खुणावलं.

भाऊराव गाडीत येऊन बसला. म्हातारा काय म्हणाला, असं उत्तमरावनं विचारलं. भाऊरावनं चिडून सांगितलं की काही नाही, गाडी हळू चालव म्हणे. आणि जानेफळ येईपर्यंत त्यानं ती हळूच चालवली, कारण समोरची सडक त्याला नीट दिसत नव्हती.