तिच्या मतपत्रिकेवरचं श्री

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मत द्यायला गेलो ते. शनिवार होता. क्वेकर्स हिलमधल्या आमच्या घरापासून शाळा सात-आठ मिनिटांवर, पण तिच्या गुडघ्यांमुळे वीस लागली. वाटेत ती दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा लोकांच्या बागेतली फुलं बघायला थांबलेय असं दाखवलं.

मत कशाचं होतं ते सांगतो, कारण तिकडे भारतात वाचणाऱ्यांना ठाऊक नसेल. इथले जे मूळचे लोक, गोरे यायच्या आधीपासूनचे, त्यांचं म्हणणं कॅनबेरातल्या सरकारच्या कानावर घालणारी एक समिती देशाच्या घटनेत लिहायची का, एवढाच प्रश्न. कागदावर एक चौकोन. त्यात इंग्रजीत हो किंवा नाही लिहायचं. इथे मत द्यावंच लागतं, नाही दिलं तर दंड. त्यावरून देशभर भांडणं. टीव्हीवर, रेडिओवर, आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲपवरसुद्धा. महिनाभर त्या ग्रुपवर एक भजन आलं नाही.

मी 'नाही' लिहिलं. लपवण्यासारखं काही नाही त्यात. मी सातवी नापास माणूस, पुण्यात पंपांच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभा राहिलो. मतदानाआधी घरी दोन्ही बाजूंचं पुस्तक आलं होतं, ते सुनेनं दोनदा समजावलं. ती दमली, मला काही समजलं नाही. कारखान्यात एकदा आम्हाला न समजलेल्या कागदावर सही करायला लावली आणि सहा महिन्यांत गेटाबाहेर काढलं. तेव्हापासून जे समजत नाही त्याला मी नाही म्हणतो. मग ती घटना असो नाहीतर मोबाईलचा प्लॅन.

तिनं 'हो' लिहिलं. तिचं कारण शेजारीच राहत होतं. आमच्या डाव्या हाताच्या घरात एक बाई आहेत, इथल्या मूळच्या लोकांपैकी. शाळेची बस चालवायच्या, आता रिटायर. बोलणं माझ्यासारखंच, तोंडावर. हिला इंग्रजी येत होतं जेमतेम पन्नास शब्द, त्यांना मराठी दोन, 'चहा' आणि 'बास'. लॉकडाऊनमध्ये कुणी कुणाच्या घरी जायचं नव्हतं तेव्हा या दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसायच्या. तेवढ्या बावन्न शब्दांत तास तास काय बोलायच्या देव जाणे. हसण्याचा आवाज मात्र आत यायचा. मतदानाच्या आधी त्या बाईंनी हिला विचारलं आणि हिनं 'हो लिहिते' असा शब्द दिला.

इथे मताच्या दिवशी शाळेच्या मैदानात सॉसेज भाजून विकतात. आम्ही ते खात नाही, म्हणून पावात नुसता परतलेला कांदा मागितला. बाकावर बसून खाताना ती म्हणाली, "मी वर श्री घातलं हं."

"कशावर?"

"त्या कागदावर. चौकोनाच्या वर."

माझा घास तोंडातच राहिला. हिची सवयच ती. कोरा कागद दिसला की आधी वर श्री, मग बाकीचं. वाण्याच्या यादीवर श्री, नातवाच्या वहीवर श्री, डॉक्टरला विचारायच्या प्रश्नांच्या कागदावरही श्री. पण इथे सरकारी चिठ्ठीवर घालेल असं वाटलं नव्हतं.

"बाद झालं तुझं मत," मी म्हणालो. "खूण केलेली चालत नाही."

"देवाचं नाव म्हणजे खूण होय? आणि झालं बाद तर तुमचं एकट्याचं मोजतील. खा, गार होतोय कांदा."

त्या संध्याकाळीच निकाल लागला. देशानं नाही म्हटलं, चांगलंच जोरात म्हटलं. मी हिला म्हणालो, तुझं श्री बघून घाबरले असतील. रविवारी चिडवलं, सोमवारी चिडवलं. ती म्हणाली, तुमचं तोंड चालतं तोवर मला औषधाची गरज नाही. मंगळवारी तिला खोकला सुरू झाला. घरच्या टेस्टवर दोन रेघा उमटल्या. लोक म्हणत होते कोविड संपला. आमच्याकडे तो उशिरा आला. नऊ दिवस ती हॉस्पिटलात होती, मी मास्क लावून शेजारी. दहाव्या दिवशी गेली. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

शेजारच्या बाईंनी निकालानंतर आठवडाभर पडदे उघडले नव्हते. ही गेल्याचं कळलं तेव्हा आल्या. हातात भोपळ्याच्या गोड पावांचा ट्रे, तोंडाला मास्क, डोळे सुजलेले. म्हणाल्या, तिनं हो लिहिलं, मला तिनं त्याच दुपारी कुंपणावरून सांगितलं, तेवढं मी जपून ठेवलंय. मी मान हलवली. माझं स्वतःचं काय ते सांगायला तोंड उघडलं नाही. आणि त्या गेल्यावर मनात आलं, मोजलंच नसेल तर? हिनं शब्द पाळला आणि कुणीतरी तो कागद बाजूच्या खोक्यात टाकून दिला असेल तर? माझं 'नाही' मात्र शाबूत. दोघं जोडीनं गेलो आणि माझं एकट्याचं राहिलं. मी तिला तीन दिवस ज्याच्यावरून हसलो तेच खरं निघालं तर त्या बाईंच्या डोळ्यांत कुठल्या तोंडानं बघू? माणूस गेलं आणि हा म्हातारा चिठ्ठीचं काय घेऊन बसलाय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. माणूस परत येत नाही हे मला समजत होतं. चिठ्ठीचं मात्र कुणालातरी ठाऊक असणार, म्हणून तेच डोक्यात बसलं.

तेराव्याला पंधरा-वीस माणसं जेवायला होती. बासुंदी-पुरी. तिला रडकी पंगत आवडायची नाही, म्हणून मुलाला सांगितलं होतं, लोकांना मोकळं बोलू दे. बोलले. पहिली पुरी संपायच्या आत त्याच मतदानावर आले.

जावई माझा कॅनबेरात गुंगालिनला असतो, सरकारी नोकरीत. अख्ख्या देशात फक्त त्यांच्या कॅनबेरानं हो म्हटलं होतं, त्यामुळे तो आल्यापासून ताठ होता. त्याचं म्हणणं, हा निकाल खरा धरताच येत नाही. खोटंनाटं सांगून लोकांना घाबरवलं, निम्म्यांना प्रश्न काय तेच ठाऊक नव्हतं. मुलाचा एक मित्र कॅसल हिलला असतो, कॉम्प्युटरवाला. तो म्हणाला, सगळा देश रांगेत उभा राहिला, याहून खरा निकाल कुठून आणायचा? तुमच्या मनासारखा लागला असता तर हाच निकाल पवित्र झाला असता. जावई म्हणाला, आता वर्षानुवर्षं कुणी या विषयाला हात लावणार नाही, केवढं नुकसान झालं. मित्र म्हणाला, काय झालं? सोमवारी ट्रेन वेळेवर आली. जावई म्हणाला, तुझी आली.

मग त्याच मित्रानं उलटाच मुद्दा काढला. म्हणे, कुणी बरोबरची खूण केली तर ती 'हो' धरणार होते, पण फुली मारली तर ती 'नाही' म्हणून मोजणार नव्हते, हा कुठला न्याय? जावई म्हणाला, नियम जुनाच आहे आणि बरोबरच आहे. मी पुरी हातात धरून बघत होतो. निकाल चोख आहे म्हणणारा मोजणीला नावं ठेवत होता आणि निकाल खोटा म्हणणारा मोजणीची बाजू घेत होता. वाढणारी सून मध्येच अडकली, कुणी तिला पुढे जाऊ देईना.

जावयाला राग चढला. म्हणाला, "ज्यांना त्या कागदावरचं इंग्रजी धड वाचता येत नाही अशा म्हाताऱ्यांनी..." आणि थांबला. सगळी पंगत ताटात बघायला लागली.

"बोला की," मी म्हणालो. "तो म्हातारा मीच. 'नाही' लिहिलंय मी. बासुंदी घ्या अजून."

त्याचे कान लाल झाले. वाईट माणूस नाही तो. मग मला वाटलं, एवढी शिकलेली माणसं बसलीयत, विचारून टाकू. श्रीचं सगळं सांगितलं आणि विचारलं, ते मत मोजतात का?

मजा अशी, की जावईच म्हणाला, बहुतेक बाद. मतदार कोण ते ओळखता येईल असं काही लिहिलं तर नियमानं बाद. कॅसल हिलवाला उसळला, म्हणाला, काकूंचं हो स्वच्छ वाचता येतंय ना, मग मोजायलाच पाहिजे. म्हणजे 'नाही'वाला हिचं 'हो' वाचवत होता आणि 'हो'वाला बुडवत होता. माझ्या मुलीनं नवऱ्याकडे असं बघितलं की त्यानं पुरी खाली ठेवली. सासूचं मत बाद करणारा जावई मी पहिल्यांदाच पाहिला.

तेव्हा कोपऱ्यातून आमच्या मागच्या गल्लीतली वसईची बाई बोलली. ख्रिश्चन आहे, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, हिच्याकडून लोणचं न्यायची. मास्क खाली ओढून म्हणाली, "काका, मी त्या दिवशी शाळेत मोजणीला होते. दिवसभराचं काम मिळालं होतं. खरं तर मी हे बोलायला नको."

मी ताट बाजूला सारून तिच्याकडे वळलो.

"वर श्री लिहिलेला कागद आला. तिथं लक्ष ठेवणारा एकजण म्हणाला, ही सही आहे, बाद करा. मुख्य बाईंनी मला विचारलं, हे नाव आहे का? टेबलावर मराठी वाचता येणारी मी एकटीच. मी सांगितलं, नाव नाही. आम्ही काही सुरू करायच्या आधी छातीवर क्रॉसची खूण करतो ना, तसंच हे, फक्त पेन्सिलीनं. त्यांनी मोजला."

"हिचाच होता तो," मी म्हणालो.

"ते मला नाही सांगता येणार, काका." ती ओठ दाबून हसू आवरत होती. "तसे चार निघाले."

आधी मुलगा हसला. मग सगळी पंगत. तेरा दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, अख्ख्या क्वेकर्स हिलच्या बायका बाद झाल्या असत्या. सून हसता हसता भांडं घेऊन खाली बसली. मी विचारलं, चारांत हो किती? ते ती काही केल्या सांगेना. म्हणाली, "चारही मोजले. काकूंनी हो लिहिलं असेल तर हो मोजलं गेलं. बास."

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासून, चहा न घेता मी शेजारी गेलो. बाई अंगणात होत्या, भिंतीला शिडी लावून छपराची पन्हाळ साफ करायच्या तयारीत. माझं इंग्रजी हिच्याहून वाईट. रात्रभर जुळवलेलं वाक्य मी उभ्या उभ्या टाकलं. माय वाइफ, यस. काउंट झालं, पक्कं. मी, नो. सॉरी नाही म्हणत, पण सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हळूहळू, मला समजेल असं बोलल्या. माझं 'नाही' त्यांना आधीच ठाऊक होतं. हिनं हो म्हणायचा शब्द दिला त्याच दिवशी सांगून टाकलं होतं, नवरा 'नाही' लिहिणार आहे, त्याच्या नादी लागू नको. आणि त्यांच्या सख्ख्या भावानंही 'नाही'च लिहिलंय. ख्रिसमसला त्याला जेवायला बोलवायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. माझ्यावर रागावल्यात का, असं मी विचारलं. म्हणाल्या, हो, रागावलेय. मग शिडीकडे बोट दाखवलं.

"धरता येते का?"

तीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला शिडी धरता येते का विचारतात. मी धरली. त्या वर चढल्या, पन्हाळीत हात घातला आणि कुजकी ओली पानं मुठीमुठीनं खाली टाकायला लागल्या. निम्मी माझ्या डोक्यावर पडत होती. सगळी चुकून पडत होती असं मला वाटत नाही. मी शिडी सोडली नाही.