सीटचा खटका

पिंपळनेर–साक्री रस्त्यावर सव्वीस वर्षं काळीपिवळी जीप हाणलेला बन्सीलाल गाडी चालवायच्या शाळेत निघाला, तेव्हा स्टँडवरचे ड्रायव्हर पोट धरून हसले. "बन्सीभाऊ, तूच त्यास्ना क्लास घेई ये!" बन्सीलालही फुगला. म्हणाला, "बघाच, शहरातल्या पोरांना कसा पाणी पाजतो ते."

खरं तर शाळेत जायचं होतं ते त्याच्या लेकीला, वृषालीला. ती जळगावात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, तिथेच मेहरूणला खोली करून राहणारी. सेकंडहँड गाडी घेतली आणि हिला वेड लागलं ऑटोक्रॉसचं. म्हणजे काय, तर मोकळ्या मैदानावर रबरी कोन मांडायचे आणि त्यांच्यामधून गाडी नागमोडी पळवायची. घड्याळ चालू, आणि कोन पडला की दोन सेकंद वाढले. धुळ्याबाहेर बंद सूतगिरणीच्या मैदानावर नवशिक्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग होता. पहिले तीन येतील त्यांना नाशिकच्या स्पर्धेला पाठवणार होते. वृषाली तीन महिने त्या एकाच गोष्टीसाठी झुरत होती. एका गाडीवर दोन नावं चालतात म्हटल्यावर बन्सीलालने आपलंही नाव घातलं. पोरगी एकटी कशी जाईल, असं तो म्हणायचा. पण शहरातल्या पोरांना आपला हात दाखवायचाही होता.

पहिल्या दिवशीच त्याची फजिती झाली. शिकवणारा तेजस, वय असेल सत्तावीस, म्हणाला, "काका, मध्ये बसा ना. असे डावीकडे का कललात?" आता काय सांगायचं त्याला? काळीपिवळीत ड्रायव्हरच्या उजव्या हाताला एक पॅसेंजर बसतोच. सव्वीस वर्षं अर्ध्या सीटवर बसून गाडी चालवलेला माणूस पूर्ण सीट मिळाली तरी अर्ध्यावरच बसणार. पोरं खुसुखुसू हसली. वळणावळणाला हॉर्न वाजवायची खोड होती, ती निराळीच. मैदानात समोरून कोण येणार होतं? बन्सीलालचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेऱ्या होत्या. इथे एक नियम कडक होता. प्रत्येक फेरीआधी तेजस स्वतः सीट हलवून ती जागेवर धरणारा खटका बसलाय का ते बघायचा. त्यानंतर सीटला हात लावणाऱ्याची त्या दिवसाची गाडी बंद. बन्सीलालची सीट तपासून झाली. वृषालीने वाकून त्याचा पट्टा आवळला, "आबा, निवांत जा बरं," म्हणाली आणि बाजूला झाली. पण सरळ बसून बन्सीलालचा जीव घुसमटायला लागला. त्याने हळूच खटका वर ओढला, सीट मागे सरकवली आणि नेहमीसारखा कलून बसला. खटका परत नीट बसला नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबला आणि सीट धाडकन पुढे गेली. गुडघा स्टिअरिंगखाली अडकला. गाडी सात कोन उडवत घड्याळवाल्याच्या टेबलापर्यंत जाऊन थांबली. तो बिचारा टेबल सोडून पळाला होता.

तेजस धावत आला. त्याने आधी माणूस धड आहे ना ते पाहिलं, मग सीट. "खटका कोणी काढला?"

जीपमध्ये ड्रायव्हरची चूक कधी नसतेच. दार उघडलं तर पॅसेंजरने नीट लावलं नाही, टायर बसला तर कोणीतरी सामान जास्त भरलं. बन्सीलालच्या तोंडातून विचाराआधीच निघून गेलं, "पोरीने पट्टा लावताना हलवलं असेल."

वृषालीने बापाकडे एकदा पाहिलं. "हो सर. मीच."

तेजस नाइलाजाने म्हणाला, "मग तुझी फेरी नाही, वृषाली. नियम आहे." तिने हेल्मेट काढलं आणि शेडखाली जाऊन बसली. तेजसने बन्सीलालच्या पाठीवर हात ठेवला. "काका, तुमची चूक नव्हती. तुम्हाला फेरी परत देतो."

बन्सीलाल पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर आला. सीट तपासली, पट्टा लागला, झेंडेवाल्याने हात वर केला. आणि बन्सीलालला लाज वाटली. लाज म्हणजे किती? समोरचे कोन दिसेनात. पोरीने तीन महिने घोकलेली फेरी खाऊन आपण इथे ऐटीत बसलोय! त्याने इंजिन बंद केलं, पट्टा सोडला आणि खाली उतरला. दोन दिवस जपून बोललेली पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली आणि घरची अहिराणी बाहेर आली.

"सर, चूक मनी शे. खटका मीच काढा. पोरनी हात बी नही लावा."

तेजसला राग आला होता, तो दिसतच होता. त्याने राग वळवला तो वृषालीकडे. "मग तू हो का म्हणालीस?"

वृषाली उभी राहिली. आवाज चढवला नाही की रडली नाही. "आमच्या घरी तसंच आहे, सर. आबांची चूक कधी निघत नाही. माझी नाहीतर आईची निघते. सवय झाली आहे."

कोणी हसलं असतं तर बन्सीलालला बरं वाटलं असतं. कोणीच हसलं नाही.

तेजसने तिला फेरी दिली आणि बन्सीलालचं नाव यादीतून खोडलं. तिने एकही कोन पाडला नाही. दुसरी आली. पोरंपोरी तिच्याभोवती गोळा झाली, कोणी फोटो काढले. त्या घोळक्यातून ती वाट काढत भिंतीशी उभ्या बापाजवळ आली आणि पाण्याची बाटली पुढे केली. "आबा, ऊन फार आहे. सकाळपासून पाणी नाही प्यायलात तुम्ही."

बन्सीलालने बाटली घेतली. तिच्या तोंडाकडे मात्र त्याला बघवेना.