दोन्ही नी

इथे आखातात, अल नस्रमधल्या घराखाली गाडी लावत होतो, तेव्हा सईचा फोन आला. "काका, बाबा गेले," एवढंच ती मराठीत बोलली, पुढचं सगळं इंग्रजीत... त्याला आता सहा आठवडे झाले.

तिचे बाबा म्हणजे माझा मित्र अरविंद. मूळचा नाशिकचा, दुखानच्या तेलक्षेत्रात इंजिनिअर आणि व्हायोलिनवेडा. तिथल्या एका स्कॉटिश फोरमनची शीळ ऐकून हा जागीच थांबला, कारण तीच चाल त्याने लहानपणी देवळालीच्या लग्नाच्या बँडकडून ऐकली होती. झालं, भूत मानगुटीवर बसलं! फोरमन ती चाल कवायतीच्या ठेक्यात म्हणायचा, एक आयरिश नर्स अंगाईसारखी संथ. कुणी कोमल नी लावी, कुणी शुद्ध. मुळात ती कुणाची, देवळालीच्या गोऱ्या लष्कराच्या छावणीत कुणाबरोबर आली... मिळेल तो पाठ अरविंद सरगममध्ये वहीत उतरवून घ्यायचा.

माझे वडील त्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. हे कळल्यावर एका शुक्रवारी त्याने मला धरून बसवलं. पहिली ओळ मला येत होती. दुसरी आठवेना, आणि तसं सांगायची लाज वाटली. पेटीच्या क्लासात खमाज घोटलेला. चढताना शुद्ध नी, उतरताना कोमल, अशी ओळ जुळवून ठोकून दिली. तो उडालाच. "दोन्ही नी! तिकडं एकानंही असं म्हटलेलं नाही. हे तुझ्या वडिलांचं आहे, सुनील." त्याने वडिलांचं नाव वहीत लिहिलं. मी चहा पीत राहिलो.

पुढे मी दुखानला गेलो की "एकदा म्हण बरं," हे ठरलेलंच. मी म्हणायचो, तो पेन्सिलीने काहीतरी टिपायचा. मला वाटायचं, स्वर लिहितोय. फोरमनच्या गावी अशा चालींचा संग्रह होता, तिथे वही पाठवायची होती. पण 'घाई काय आहे' म्हणत तो थांबायचा. पुढच्या खेपेला खरं सांगू, असं मी दर वेळी ठरवायचो. इन्शाल्ला म्हणायला काय जातं! शेवटी हॉस्पिटलातही त्याने म्हणायला लावलं. मी म्हटलं... तीच ओळ. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि माझा हात थोपटला.

परवा वहिनींनी वही माझ्यापुढे ठेवली. "पाठवायच्या आधी तुम्ही बघा, भावजी. हे म्हणायचे, सुनील बघेल." मी देवळालीचं पान उघडलं. दुसऱ्या ओळीखाली पेन्सिलीची बारीक अक्षरं होती, स्वर नव्हते. 'आज कोमल नी विसरला.' 'आज वेगळंच म्हणाला.' मग एकाखाली एक, कितीतरी वेळा, 'आजही सांगितलं नाही.' आणि तळाशी, 'सांगेल. तोवर वही पाठवायची नाही.'

मला रडू आवरेना. पेन्सिल त्याच पानात होती. वडिलांचं नाव खोडून मी तिथे लिहिलं, 'ही ओळ माझी. वडिलांची मला येत नाही.' वहिनी आत चहा टाकत होत्या. समोरच्या रिकाम्या खुर्चीवरून कुणी 'एकदा म्हण बरं' म्हणेल, म्हणून मी बसून राहिलो.