नळीला साबण लावणारे काका

"वरून वाळलंय. आतून काय हाय, कोनाला ठाव?" असं म्हणत काका आधी खाली उतरायचे आणि काळ्या मातीत पहार खुपसून बघायचे. पहार सहज आत गेली की गाडी पुढं. मुक्काम मुरमावरच.

गाडी म्हणजे जुनी बस. आत झोपायला फळ्या, छोटा ओटा, पाण्याची टाकी. पाहुण्यांना वेरूळ, अजिंठा, गौताळा दाखवत हिंडायचं. पिशोरचे काका चालवायचे, मुकुंदवाडीची मी स्वयंपाक करायची.

असा शंकेखोर माणूस तुम्हीही पाहिला असेल, पण यांची तऱ्हाच न्यारी. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी पाहुण्यांना सांगायचे, "अर्धीच हाय, जपून वापरा." बूट आपटल्याशिवाय पाय घालायचे नाहीत. गाडीचं तोंड कायम रस्त्याकडं. उतारावर चाकामागं दगड, आणि त्या दगडामागं आणखी एक दगड! "पहिला फितूर झाला तर?" मी हसून बेजार व्हायची.

गॅसचं मात्र माझ्या डोक्यात जायचं. रात्री मी सिलिंडर बंद करायला निघाले की हे आधीच साबणाचा फेस घेऊन हजर. नळीला लावायचे, बुडबुडा येतो का बघायचे.

"वीस वर्षं चूल सांभाळतेय मी, काका!"

"तुमच्यावर नाय वो ताई, नळीवर शक हाय."

नाव नळीचं, बोट माझ्याकडं. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ? ही फेरी झाली की काम सोडायचं, असं मी ठरवूनच टाकलं.

त्याच फेरीत गौताळ्याला सकाळी मी चहासाठी सिलिंडर चालू केला. पाहते तर पिण्याच्या हंड्यात पाणी नाही. तशीच हातपंपावर गेले. परत येऊन दार उघडलं, तर गॅसचा भपकारा! उंदरानं नळी कुरतडली होती. पाहुणे फिरायला गेलेले, मागं त्यांची दोन लेकरं गाढ झोपलेली, आणि पुढं काका देवाला उदबत्ती लावायला हातात काडी घेऊन बसलेले.

"काका, टाका ती काडी!"

त्यांनी टाकली आणि विचारलं, "काय झालं?"

मी धावत जाऊन सिलिंडर बंद केला. आम्ही लेकरं बाहेर काढली, दारं-खिडक्या उघडल्या. मग ते मटकन खाली बसले. "वासच येत नाय मला, ताई. दोन वर्सं झाली. मालकाला सांगू नका, गाडीवरून उतरवतील."

मी सांगितलं. ती लेकरं डोळ्यांपुढून हलेचनात. सिलिंडर मीच चालू ठेवून गेले होते, एवढं मात्र गिळलं.

आठवड्यात मालकानं त्यांना घरी बसवलं. मी एसटीवर सोडायला गेले. खिडकीशी बसून ते म्हणाले, "त्या मेकॅनिकनंच चुगली केली. नळी बदलताना लई खोदून खोदून विचारत होता. नायतर त्या पाव्हण्यानं."

"आणि मी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"छ्या! तुमच्यावर शक घेतला तर मंग ऱ्हायलं काय?"

बस हलली. त्यांनी हात हलवला. मीही हलवला.