पितळी गोळे नेमके कशाचे?

आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये टाचणी कधी जागेवर सापडत नाही, किस्से मात्र ढिगाने सापडतात. सध्याचा ढीग पितळी गोळ्यांचा आहे.

गोळे पोकळ. एका बाजूला रुंद तोंड, दुसऱ्या बाजूला बारीक चोच. रजिस्टरात नोंद एवढीच: ‘पितळी गोळे’. यंदा तपासणीला साहेब येणार होते आणि उपयोग दाखवता आला नाही तर माल थेट भंगारात! लॅब अटेंडंट रावसाहेब मामांच्या तोंडचं पाणी पळालं. गेली पंचवीस वर्षं ते हे गोळे चिंच लावून घासतायत.

*

मी फिजिक्स शिकवते, पण हे गोळे मलाही कोडंच. म्हणून इतिहासाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, “दौलताबादच्या तोफेचे असतील.”

“पण सर, पोकळ आहेत.”

“आतली दारू उडून गेली असेल,” म्हणत सर तासाला निघून गेले.

*

खंडेनवमीला मामा या गोळ्यांची पूजा करतात. आमच्याच विभागातल्या एका नव्या मॅडमनी विचारलं, “मामा, हे कोणतं शस्त्र?”

“माहीत नाय. पण तुम्हालाबी माहीत नाय, म्हंजी लई भारी आसंल.”

*

शेवटी एका जुन्या पुस्तकात चित्र सापडलं. चोच कानात घालायची. प्रत्येक गोळ्याचा सूर ठरलेला; समोरच्या आवाजात तो असेल तर गोळा कानात घुमतो, नसेल तर गप्प. पूर्वी आवाजातले सूर असे एकेक करून ओळखायचे म्हणे. मी आनंदाने चोच कानात घातली आणि “आऽऽ” केलं. काही नाही. दुसरा गोळा, तिसरा गोळा, काही नाही.

मामा बघत होते. “मॅडम, चोचीत एमसील हाय. गांधीलमाशा घर करायल्या व्हत्या, म्या समदे बुजवले.”

दोन दिवस आम्ही दाभणाने एमसील कोरत बसलो.

*

तपासणीच्या दिवशी साहेबांनी मोठा गोळा डाव्या कानाला लावला. मामा कन्नड तालुक्यातले, मेंढरं राखत वाढलेले. कळपाला मारायची लांब हाक त्यांनी मारली. आदल्या दिवशी याच हाकेवर तो गोळा माझ्या कानात झकास घुमला होता.

“तुमचा आवाज येतोय,” साहेब म्हणाले, “गोळ्यातून काही नाही.”

मामांनी पुन्हा हाक मारली. साहेबांनी मान हलवली आणि ‘निरुपयोगी’ लिहायला पेन उघडलं. मला फार वाईट वाटलं, मामांकडे बघवेना.

“साहेब,” मामा म्हणाले, “एकडाव दुसऱ्या कानाला लावून बघा.”

साहेबांनी लावला. मामांनी हाक मारली. साहेब दचकून खुर्चीतून उठले! मग गोळा पुन्हा डाव्या कानाला, पुन्हा उजव्या. असं चारदा. शेवटी खाली बसले, ‘चालू स्थितीत’ लिहून सही केली.

मग हळूच म्हणाले, “मामा, इथं कानाचा चांगला डॉक्टर कोण आहे?”