आपटलेलं बियाणं गटात चालणार नाही

गटातल्या सगळ्यांनी वाचा, राग आला तरी वाचा.

आज दुपारी सुधाकरभाऊंनी आमच्या दर्यापूरच्या बियाणे गटासाठी सोयाबीनची पोती आणली आणि ट्रॉलीवरून धडाधड खाली आपटली. मी ओरडले.

"ताई, सोयाबीन हाय, काचेचे कप नाई!"

मी मूठभर दाणे पाण्यात टाकले. थोड्याच वेळात निम्मे टरारून फुगले, म्हणजे त्यांची साल फुटलेली होती. असे दाणे उगवत नाहीत.

"घ्या ना आता. पेरणारे आपलेच लोकं हायेत, कोनी काई म्हनत नाई."

"म्हणूनच घेत नाही. मार्केटात नेऊन तेलासाठी विका."

दुकानातलं बियाणं उगवलं नाही, तर आपण दुकानासमोर ठिय्या देतो. आपल्याच गटाचं उगवलं नाही, तर दोन एकरवाल्यानं कोणाच्या दारात बसायचं?