त्याचा चष्मा

पारगावच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले, की शिक्षकांच्या खोलीत दोन पक्ष पडत. साखर कारखान्याचे गाळप त्या महिन्यांत बंद असे, तरी मळीचा आंबूस-गोड वास खिडकीच्या लाकडात मुरलेला असायचा. त्या वासात, लोणच्याच्या फोडी एकमेकांच्या डब्यांत टाकत, आम्ही एकाच माणसाचा न्यायनिवाडा करत असू. ज्याला पाहून आम्ही तरुणपणी हसलो होतो, त्या विनोदी नटाचा नवा कार्यक्रम टीव्हीवर सुरू झाला होता.

"संपला तो," गणिताचे सर म्हणत. "कुठं थांबावं हे कळायला पाहिजे माणसाला."

"अहो, मी पोट धरून हसले काल," मुख्याध्यापिका म्हणायच्या. "तुम्हांला हसूच येत नाही, त्याला तो बिचारा काय करणार?"

"बाईंना विचारा मग. कविता करतात त्या. त्यांना कळेल."

बाई म्हणजे मी. मी दोन भाग एकटीने पाहिले होते. पहिल्या भागाला ओठसुद्धा हलले नाहीत. दुसऱ्या भागात एका ठिकाणी इतकी हसले, की बशीत चहा सांडला. आणि चहा पुसून होईपर्यंत आपण कशाला हसलो तेच आठवेना.

"चांगला आहे," मी म्हणाले, "पण पहिल्यासारखा नाही."

"पहिल्यासारखा म्हणजे कसा?" सरांनी विचारले.

मला तो स्पष्ट दिसत होता. किडकिडीत, सदऱ्याची कॉलर एका बाजूने उभी राहिलेली, आणि बोलण्याआधीची ती लकब. दाराशी संकट उभे असायचे, घरमालक ओरडत असायचा, आणि हा काहीच बोलायचा नाही. सावकाश चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकाने पुसायचा, उजेडात धरून पाहायचा, परत नाकावर ठेवायचा, आणि मग एकच लहानसे वाक्य. हसू त्या वाक्याला यायचे नाही. ते चष्मा पुसतानाच यायला लागायचे. नव्या कार्यक्रमात चष्मा नव्हता. पण एवढे सांगून सरांचे समाधान झाले असते असे मला वाटले नाही.

त्याला मी प्रथम पाहिले ते डिंगोऱ्याला, माझ्या भावाच्या घरी, नव्वदच्या दशकात. शनिवारी संध्याकाळी त्याची मालिका लागे. परसातल्या कांदाचाळीत साठवलेल्या कांद्याचा उग्र, कोरडा वास माजघरापर्यंत येई आणि त्या वासातच आम्ही बहीणभाऊ खिदळत असू. माझी नोकरी मात्र तेव्हा तळेघरला होती. शनिवारची सकाळची शाळा सुटली, की एसटी पकडायची, घोडेगावला उतरून जुन्नरची गाडी, जुन्नरहून डिंगोरे. आणि रविवारी दुपारी हाच प्रवास उलटा. तळेघरला टीव्ही नव्हताच असे नाही. एकाने बांबूवर अँटेना उभारली होती. पण डोंगर चित्र अडवायचा आणि काचेवर नुसत्या मुंग्या वळवळत राहायच्या.

मी भाड्याने राहत होते त्या घराच्या मालकीणबाईंना मी मावशी म्हणायची. पन्नाशीच्या, विधवा, भाताची चार खाचरे स्वतःच्या हातांनी राखणाऱ्या. एका सोमवारी संध्याकाळी अंगणात त्या आणि शेजारच्या बायका हिरडा निवडत बसल्या होत्या. मीही बसले. हिरड्याने बोटे काळी होतात, आणि तो हात चुकून ओठांना लागला तर जीभ तुरट होऊन आखडते. बोलायला काही नव्हते म्हणून मी शनिवारचा भाग सांगितला. मावशी हसल्या. त्यांचे हसणे आधी आवाजाविना यायचे. खांदे हलायचे, मान खाली जायची, आणि बऱ्याच वेळाने आतून कुठून तरी आवाज निघायचा. "थांब गं बाई, दम खाऊ दे." मग पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "पुढं?"

त्या 'पुढं?'साठी मी पाच वर्षे सांगत राहिले. आवणीच्या दिवसांत शाळा सुटल्यावर मी बांधावर जायची. बायका ओळीने वाकून भाताची रोपे चिखलात खोवत, धुके खाचरात उतरून त्यांच्या पाठींवर बसे, आणि मी बांधावरून मोठ्याने त्याची गोष्ट सांगे. शहरातल्या इमारतीची लिफ्ट त्यांना कळेना, म्हणून मी त्याला भीमाशंकरच्या एसटीत बसवला. कोणत्या भागापासून तो त्यांच्यासारखे बोलायला लागला, ते मला आठवत नाही.

पावसाळ्यात दरड आली, गाडी बंद पडली, की शनिवार हुकायचा. सोमवारी बायका विचारायच्याच, "काय केलं मंग त्यानं?" पाहिलं नाही, असे मी पहिल्यांदा सांगितले. मावशींचा चेहरा असा उतरला, की पुढच्या वेळी मी सांगितले नाही. न पाहिलेला भागच सांगितला.

माझी बदली झाली तेव्हा, पिशवीत नाचणीचे पीठ भरून देताना, मावशी म्हणाल्या, "तुझ्यामागं त्याची खबर कोन आनंल आता? मरायच्या आदी एकदा डोळ्यांनी बघायचा व्हता मला त्यो."

म्हणून, बदलीला काही वर्षे उलटल्यावर, मंचरला कामाला असलेल्या त्यांच्या मुलाने घरावर टीव्हीची छत्री बसवली आणि "त्याचा नवा कार्यक्रम लागतो, आई बोलावतेय," असा निरोप आला, तेव्हा मी लगेच निघाले. शिक्षकांच्या खोलीतल्या वादाचा निकाल लागेल असेही मनात होते. मावशींच्या खांद्यांवर माझा विश्वास होता. ते हलले तर तो संपलेला नाही.

रविवारी दुपारी त्या आठवड्याचा भाग पुन्हा दाखवत. बाहेर भादव्याचे धुके, आत गवती चहा, ओल्या घोंगडीचा वास, चुलीचा धूर. दहाबारा बायका मांड्या घालून जमिनीवर. मावशी सर्वांत पुढे. नवे लुगडे नेसल्या होत्या.

तो आला. लखलखता कोट, काळेभोर केस, अंगाने चांगला भरलेला. दिव्यांच्या रांगेतून धावत आला आणि पहिल्याच दमात तीन विनोद करून मोकळा झाला. समोर बसलेली शहरातली माणसे टाळ्या पिटत होती.

"ह्यो कोन?" मावशींनी विचारले.

"तोच, मावशी."

"त्यो?" त्या काचेकडे सरकल्या. "आन् चष्मा कुठंय त्याचा?"

"विसरला असेल घरी," मी म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे.

"ती समोरची मानसं कशाला हसत्यात?" मावशींच्या सुनेने विचारले. "आरं बाबा, आदी सांग तरी, मंग हसू की आमी."

"लई घाई त्याला. येष्टी सुटल त्याची," मागून कुणीतरी म्हणाली.

याला मात्र सगळ्या हसल्या. तेवढ्यात बाहेर धुके दाटले असावे. चित्राचे चौकोनी तुकडे झाले, त्याचा एक डोळा कपाळावर गेला, आणि तोंड उघडे ठेवून तो थिजला. घर हास्याने दणाणले. सुनेने डोक्याला हात लावला, "आता कसा पहिल्यासारखा वाटतोय, न्हाई का?" थोड्या वेळाने चित्र जुळले, तो पुन्हा बोलू लागला, आणि बायका पुन्हा गप्प झाल्या.

मी त्याच्याकडे पाहतच नव्हते. मावशींचे खांदे पाहत होते. ते एकदाही हलले नाहीत. हात मांडीत धरून, गर्दीत कुणाला शोधावे तशा त्या काचेत पाहत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर बायका गेल्या. मावशी म्हणाल्या, "त्याच्या घरी कायतरी झालंय. न्हाईतर आसं न्हाई करायचा त्यो. पत्र लिव त्याला."

तळेघरला असताना मी निम्म्या आळीची पत्रे लिहून द्यायची. तशाच सहजतेने त्यांनी हे सांगितले.

"पत्ता कुठून आणू, मावशी?"

"तू मास्तरीन. तुला गावंल."

पुढच्याच आठवड्यात गौरीला मी डिंगोऱ्याला गेले. भाऊ ओसरीवर कांद्याच्या गोणी शिवत होता. मी त्याच्याशी वाद घालू लागले, की याने नव्या कार्यक्रमात चष्मा सोडला तिथेच सारे बिघडले.

"चष्मा? कुणाला?"

"त्याला. बोलायच्या आधी सदऱ्याच्या टोकाने पुसायचा तो."

भावाने दाभण खाली ठेवले. "त्याला कुठं चष्मा होता? त्याला मिशा होत्या."

"मिशा?"

"जाड मिशा. आणि सदऱ्याच्या टोकानं नाही तायडे, पदराच्या टोकानं. आणि चष्मा पुसायचीस तू. मालिका बघताना हसून डोळ्यांत पाणी आलं की पुसायचीस. आत्ता काय करतेयस?"

मी पाहिले. माझा चष्मा माझ्या हातात होता आणि पदराचे टोक काचेवर.

तळेघरचे धुके मला तिथे, त्या कोरड्या ओसरीवर आठवले. चार वाक्ये बोलेपर्यंत काचा पांढऱ्या होत. गोष्ट ऐन रंगात यायची, मला समोरच्या बायका दिसेनाशा व्हायच्या, मी थांबायची, चष्मा काढायची, पुसायची, आभाळाकडे धरून पाहायची. आणि त्या थांबण्यात खाचरातून हसू उठायचे. ते त्याच्या नावावर कधी जमा झाले? बायकांनी तसे मानले की मीच तसे सांगितले? आणि मला त्याच्या मिशा एवढ्याशाही का आठवत नाहीत? भावालाही मी विचारले, की एसटीत कंडक्टरने त्याची कोंबडी पकडली तो भाग आठवतो का. "तसला कुठला भाग नव्हता," तो म्हणाला. पण ज्याच्या मिशा मला दिसत नव्हत्या त्या चेहऱ्याबद्दल मी भावावर तरी किती विश्वास ठेवावा?

परतीच्या गाडीत मी हिशोब जुळवू पाहत होते. नवा कार्यक्रम मी ज्याच्याशी ताडून पाहत होते, तो माणूस निम्मा मीच होते काय? मग मावशी ज्याला शोधत होत्या तो काचेत सापडणार कसा? पण गणिताच्या सरांनी तर माझी गोष्ट कधी ऐकली नव्हती, आणि त्यांनाही तो संपलेला वाटत होता. मुख्याध्यापिकांनीही ऐकली नव्हती, आणि त्या पोट धरून हसत होत्या. मी स्वतः चहा सांडेपर्यंत हसले होते ते कुणाला? जुन्नर आले, घोडेगाव गेले. काहीच ठरले नाही. एवढे मात्र ठरवले, की मावशींना खरे सांगायचे. एका भल्या माणसाच्या घरावर नसलेले संकट घालून मी गप्प राहू शकत नव्हते. आणि सांगितले तर त्यांची ती पाच वर्षे मी परत मागून घेतल्यासारखे होईल, ही भीतीही होती.

दसऱ्यानंतर आंतर्देशीय पत्र पर्समध्ये घालून मी गेले. खाचरे पिवळी पडू लागली होती. भात पिकताना येतो तो दुधाळ, उबदार वास घरभर होता. मावशींनी चहा टाकला. मी पत्र गुडघ्यावर उघडले आणि लिहिण्याआधी म्हणाले,

"मावशी, चष्मा त्याचा नव्हता. माझा होता."

"तुझा तर तुझ्या नाकावं हाय."

"त्याला चष्मा नव्हताच कधी. मी चुकीचं सांगितलं."

"तुला काय ठावं? तू टीव्हीत बघितला त्याला. घरी घालत असंल."

त्यांनी चुलीतले लाकूड मागे ओढले. मग, माझ्याकडे न पाहता, विचारले, "आन् येष्टीचं? कंडक्टरनं कोंबडी धरली, आन् ह्यो म्हनला, तिचं तिकीट तीच काढंल, ते?"

"ते... मला सांगता येत नाही, मावशी. बहुतेक मीच. पण खात्री नाही."

आधणाचा आवाज होत राहिला. दुखावल्या की काय, ते पाठमोऱ्या आकृतीवरून कळेना. मग त्यांनी चहा गाळून माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या.

"लिव."

"काय लिहू?"

"लिव. पोटात अन्न हाय का तुझ्या? घरची बरी हायत का? चष्मा घालत जा. नसंल तर घे. घाई करू नगं, आमी कुठं जात न्हाई. आन् कोंबडीचं परत दाव."

मी लिहू लागले. पत्त्याची जागा कोरी होती. 'कोंबडीचे' या शब्दाशी आले आणि गवती चहाची वाफ काचांवर चढली. अक्षरे पांढरी झाली. मी थांबले, चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला, दाराच्या उजेडात धरला.

चष्म्याविना मला माणसांचे नुसते आकार दिसतात. समोर मावशींचा आकार होता, आणि त्या आकाराचे खांदे हलत होते. त्याला हसत होत्या, मला हसत होत्या, की माझ्या पाच वर्षांच्या थापांना, ते चेहरा दिसल्याशिवाय कसे कळावे? मान खाली गेली. आवाज बऱ्याच वेळाने आला.

मी चष्मा नाकावर ठेवला तोवर त्यांनी डोळे पुसले होते.

"पुढं?" त्या म्हणाल्या.